देवीची आत्या

झाशी, ९ जानेवारी २०२५

चि. मुग्धा,

आशीर्वाद नेहमीच्या जागी आहेत असं समज आणि आधी हे वाच.

आज सकाळी ओसरीत उन्हाला बसून मेथी निवडत होते. फाटक वाजलं. गरौठ्याकडच्या चार बायका आत आल्या आणि एकीमागून एक माझ्या पायांवर डोकी ठेवू लागल्या. माझ्या मांडीवरची सगळी मेथी अंगणात. त्यातली एक म्हणाली, "बुआ जी, हमाई भैंस दूध नईं दै रई."

मी म्हटलं, "तो मैं क्या करूँ? जानवर के डाक्टर को दिखाओ."

तर ती म्हणते, "डाक्टर खों दिखा लओ. आप तो देवी की बुआ हो."

ऐकलंस? तू तिकडे नॉर्वेत बर्फ झाडत बसली आहेस आणि मी इथे देवीची आत्या झाले आहे. मागच्या आठवड्यात सदर बाजारात भर दुकानात एका ऑटोवाल्याने माझ्या हातातली पिशवी घेऊन मला नमस्कार घातला. निशांतला हसू आवरेना. तो म्हणतो, "आई, एक दानपेटी रख लो." स्वतःच्या पोटचा मुलगा असा बोलतो.

हा सगळा उपद्व्याप तुझा आहे. तीन वर्षांपूर्वी चैत्र नवमीला गरौठ्याजवळच्या त्या गावात तू जवाऱ्यांच्या मिरवणुकीचं चित्रण करत होतीस. बायकांच्या डोक्यांवर गव्हाच्या कोंबांच्या कुंड्या होत्या, ढोलकी चढत चालली होती, मी तुझी पाण्याची बाटली आणि छत्री धरून मागे. बघता बघता तुझ्या हातातला कॅमेरा चिखलात पडला, केस सुटले, आणि तू अशी घुमू लागलीस की तिघींना आवरेना. इतक्यात गावातला हरप्रसाद पुढे आला आणि त्याने हात जोडून मुलीच्या लग्नाचं विचारलं, "मैया, मोड़ी को ब्याव कर दें?" तू डोळे पांढरे करून म्हणालीस, "अबै नईं. हम फिर कें आहैं, तब कैहैं." तेही अस्सल बुंदेलीत. एरवी बुंदेलीत भाजी घेताना अडखळतेस.

मुलगी सतरा वर्षांची होती, बारावीला. लग्न मोडलं, बरंच झालं. तो नवरामुलगा पुढे मारहाणीच्या प्रकरणात आत गेला. तेव्हापासून हरप्रसादच्या लेखी ते वचन दगडावरची रेघ आहे. आता तीच मुलगी, विद्या, विसाची आहे, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. नीरज म्हणून मुलगा आहे, गरौठ्यात मोबाइल दुरुस्त करतो, दोघं एकमेकांना पसंत आहेत, दोन्ही घरं राजी आहेत. आणि हरप्रसाद म्हणतो, मैया परत आली नाही, तिने सांगितलं नाही, मी लग्न करणार नाही.

म्हणजे तुझ्यामुळे अडलं आहे, बाई. तू काय करणार ते मला कळव.

तुझी,
सुहासआत्या


झाशी, ३० जानेवारी

चि. मुग्धा,

तुझी मेल निशांतच्या फोनवर आली. त्याने मोठ्याने वाचली, अडखळत, कारण मराठी वाचताना त्याची जीभ अजून ठेचकाळते. "आत्या, मी त्या गावात निरीक्षक होते. अभ्यासकाने लोकांच्या निर्णयांत ढवळाढवळ करायची नसते."

अगं, ढवळाढवळ करून झाली आहे. आता निस्तरायचं आहे.

आणि निरीक्षक कुठली? अंगात येण्यावरचं तुझं पुस्तक मी वाचलं आहे हे तू विसरतेस. डिक्शनरी शेजारी घेऊन वाचलं, दुपारची झोप सोडून. मी मॅट्रिकच्या पुढे गेले नाही, पण तुझ्यापायी मला 'ट्रान्स' कळतो, 'डिसोसिएशन' कळतं, ब्राझीलमध्ये ढोलांवर नाचणाऱ्या बायकांचे श्वास तू कसे मोजलेस तेही कळतं. त्या पुस्तकात नवमीचा तो प्रसंग आहे. आणि त्यात घुमणारी कोण? तर 'गावातील एक मध्यमवयीन स्त्री'. मध्यमवयीन लिहिलंस तेवढं खरं. मी तेव्हा फोनवर सरळ विचारलं, ही बाई कोण गं, तुझ्यासारख्या चष्म्याची? तर तू फोन ठेवलास आणि दोन दिवाळ्या गेल्या तरी बोलली नाहीस. आता ही पहिली मेल, तीही उपदेशाची.

असो. माझा राग राहू दे बाजूला. परवा हरप्रसाद मातादीन बब्बांना घेऊन आला. बब्बा म्हणजे त्या गावचे घुल्ला, ज्यांच्या अंगात तिथला देव येतो ते. ऐंशीच्या पुढचे असतील, पण चहात साखर कमी पडली हे पहिल्या घोटाला सांगितलं. मी त्यांना म्हटलं, "बब्बा, तुम्हीच देवाला विचारा आणि मोकळं करा या पोरीला."

ते म्हणाले, "हम नईं पूछ सकत, बिन्नू. जिनपे आई ती, बेई कहें. दूसरे के मों से बा बात नईं निकरत."

म्हणजे ज्या अंगातून देवी बोलली, त्याच अंगातून तिने बोललं पाहिजे. दुसऱ्याच्या तोंडून ते वचन सुटत नाही. ही तिथली रीत. तुझ्या पुस्तकात ही रीत नाही, लिहून ठेव.

मी विचारलं, "फोन पर चलेगा?"

बब्बा खूप विचार करून म्हणाले, "हमें नईं पतो. पैलें कभऊँ ऐसो भओ नईयाँ."

त्यांनी नाही म्हटलेलं नाही. तेव्हा एक निरोप बोलून पाठव. आपल्या आवाजात, बुंदेलीत, 'लग्न करा' एवढंच. तेवढ्याने काम झालं तर तुझंही सुटेल, माझंही.

आत्या


झाशी, २६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

मुग्धा,

उपास आहे, डोकं दुखतं आहे, त्यात तुझ्या निरोपाची ही कथा.

हरप्रसाद, त्याची बायको आणि विद्या, तिघं आली. फोन मी पाटावर ठेवला होता, निशांतने आवाज मोठा केला. तू बोललीस, चांगलं बोललीस, बुंदेलीही बरी होती. हरप्रसादने फोनला हात जोडले. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा हात जोडले. मग उठता उठता म्हणाला, "जा तो दीदी बोल रईं. देवी थोड़ेई आएँ."

म्हणजे ही ताईच बोलते आहे, देवी नव्हे. मी हात टेकले. खरंच सांगते, त्या माणसाला फसवणं अशक्य आहे. आपण देवीचा आवाज काढून पाठवला असता तरी त्याने ओळखलं असतं. त्याला कोण बोलतंय ते कळतं. तुम्ही लोक डोक्याला तारा लावून जे शोधता, ते तो दाराशी उभा राहून सांगतो, आणि तरीही हट्ट सोडत नाही. शहाणा माणूस हट्टी असला की घरादाराचं वाटोळं.

ती दोघं बाहेर चपला घालत होती तेव्हा विद्या आत आली. मला वाटलं पाया पडायला. तर ही पोरगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बुआ, आपकी भतीजी को कछू याद है कि नईं?"

मी म्हटलं, "काय आठवायचं?"

"जो बोलीं ती. हम रोज सोचत. हमाए लानें बोलीं ती, और उनें याद लौं नईयाँ? हम का कोई खेल हते?"

तिच्यासाठी बोललीस आणि तुला त्याची आठवणसुद्धा नाही, हा तिचा राग. तिच्या हातात दोन राजगिऱ्याचे लाडू ठेवले. लाडू घेतले आणि म्हणाली, "नीरज की दादी कह रई, अकती लौं हाँ करो, नईं तो दूसरी जगा बात चल रई." अकती म्हणजे अक्षय्य तृतीया, एप्रिलच्या शेवटी. इकडे ती चुकली की पुढे म्हातारी थांबायची नाही, आणि नीरज काही आजीपुढे छाती काढून उभा राहणाऱ्यांतला नाही. विद्याच म्हणाली, "सीधो है बिचारो." तिला तो सरळपणाच आवडतो, मी काय बोलू.

आता तुझ्याशी भांडते. तू पुस्तकभर सिद्ध केलंस की हे घुमणं शरीर लहानपणी शिकतं. ज्यांनी बालपणापासून पाहिलं नाही, ढोलकी ऐकली नाही, त्यांच्या अंगात येतच नाही. तुझी अख्खी नोकरी या एका वाक्यावर उभी आहे. म्हणून तुला ती बाई कुणी दुसरी असावी लागली, हे मला आत्ता कळतंय. कारण तू स्वतःला बाहेरची समजतेस.

बाहेरची कुठली गं तू? तुझ्या बाबांची पुण्याला बदली होईपर्यंत तू याच घरात वाढलीस. आपल्याकडे भांडी घासायला भानुमती यायची, ती त्याच गावची, हरप्रसादची सख्खी आत्या. दर चैत्रात ती तुला खांद्यावर घेऊन जवाऱ्यांना न्यायची. तुझी आई ओरडायची, धुळीत नेऊ नकोस म्हणून, आणि तू घरी येऊन फडकी डोक्यावर घेऊन मोरीत घुमायचीस. आम्ही पोट धरून हसायचो. तुझा सिद्धान्त कुठेही मोडत नाही. तू त्याचा पुरावा आहेस. फक्त तुला पुरावा व्हायचं नाही, परीक्षक व्हायचं आहे. वीस वर्षं दर्ग्यांतून, देवीच्या ठाण्यांतून, कुठकुठल्या देशांतून हिंडलीस, घर केलं नाहीस, संसार केला नाहीस, लोकांच्या अंगात काय येतं ते लिहीत राहिलीस. एकदा तुझ्या आलं, तर ते मात्र परक्या बाईच्या नावावर टाकलंस.

हे लिहिताना मला बरं वाटत नाही. पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

आत्या


झाशी, १८ मार्च

चि. मुग्धा,

तुझी एक ओळीची मेल. "मी आले आणि काहीच झालं नाही तर?"

बरं. प्रश्न तरी खरा विचारलास. पण निशांतने ती वाचली तेव्हा माझ्या मनात आलं, हिला नेमकी कशाची भीती आहे? काही न होण्याची, की होण्याची?

मला उत्तर नको. मला इतकंच ठाऊक आहे की तीस तारखेला कुंड्यांत गहू पेरतील आणि सहा एप्रिलला नवमी आहे. विद्या या वर्षी स्वतः कुंडी उचलणार आहे, पहिल्यांदा. कुणाची परवानगी घेतली नाही तिने, आईलाच सांगितलं, हम उठैहैं. नीरजची आजी बघायला येणार आहे, होकाराचा नाहीतर नकाराचा निकाल घेऊनच परत जाईन म्हणते.

देवीचं सोंग आण असं मी तुला सांगणार नाही. ते तुला जमलं तरी मला आवडणार नाही. पण ज्या पोरीला तू थांबवून ठेवलंस, तिच्यासमोर येऊन उभी तरी राहा. माणूस म्हणून. हे मी आत्या म्हणून सांगते आहे. तुला दिलेलं नाव माझ्या पसंतीचं होतं, एवढा हक्क मला आहे.

यायचं असेल तर घरी ये आधी. नसशील येणार तर पुन्हा मेल पाठवू नकोस, निशांतला वाचून दाखवताना लाज वाटते.

आत्या


झाशी, ८ एप्रिल

मुग्धा,

आलीस, आणि घरी आली नाहीस. ग्वाल्हेरहून टॅक्सी करून थेट गावात, आणि तिथूनच परत विमानाला. मी सांज्याच्या पोळ्या करून ठेवल्या होत्या. निशांतने खाल्ल्या आणि वर म्हणाला, कडक झाल्यात.

तुला सगळं ठाऊक आहे, तू तिथे होतीस. पण इतकी वर्षं तू लोकांकडे बघून लिहीत आलीस. परवा मी तुझ्याकडे बघत होते. तेव्हा माझंही ऐक.

तू झाडाखाली उभी राहिलीस, पांढऱ्या कुडत्यात, हातात काही नाही. कॅमेरा आणला नव्हतास हे मी आधी पाहिलं. बायका देवीची गाणी म्हणत तळ्याकडे निघाल्या, ढोलकी चढली. सगळं गाव कुंड्यांकडे बघायचं सोडून तुझ्याकडे बघत होतं. आजी खाटेवर बसली होती, नीरज तिच्यामागे मान खाली घालून. हरप्रसाद तुझ्यासमोर हात जोडून. तू डोळे मिटलेस. तुझा श्वास जोरात चालू लागला आणि मला वाटलं, आता.

काही झालं नाही.

तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "दद्दा, मैया नईं आई. हमई ठाड़े हैं."

देवी आली नाही, मीच उभी आहे, एवढंच. सोंग सहज करता आलं असतं. त्या गावात तुझ्याइतकं कुणाला ते येत नाही. तू केलं नाहीस आणि मला एकाच वेळी तुला मिठी मारावीशी वाटली आणि चांगली चपराक द्यावीशी. हरप्रसादचा चेहरा मावळला. आजी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "चलो रे नीरज." आणि तो चालू लागला गं, बैलासारखा. मी त्याच्या अंगावर ओरडले, मराठीत. त्याला काय कळणार.

मग मागून कुंडी पडल्याचा आवाज आला.

विद्या. तिची कुंडी फुटली होती, माती तिच्या खांद्यावर, आणि ती घुमत होती. तिची आई धरायला गेली, तिला ढकललं. केस मोकळे, आवाज जाडा. "आ गए हम. अब जान दो मोड़ी खों. जान दो."

ढोलकीवाला वाजवायचं विसरला. बायकांनी लोटांगणं घातली. पण हरप्रसाद जागचा हलला नाही. त्याला कोण बोलतंय ते कळतं, हे मी तुला लिहिलं होतं. परवा मात्र त्याला कळेना. बापाला मुलीचं कसं कळावं. तो म्हणाला, "जा तो हमाई मोड़ी है. अपने मन की कै रई हुए." आपल्या मनचंच सांगत असेल, ही त्याची शंका. आजी चपला हातात घेऊन थांबली.

तेव्हा मातादीन बब्बा काठी टेकत तुझ्यापाशी आले. म्हणाले, "तुमपे आई ती. सो तुमई पैचानो. बेई हैं कि नईं?"

म्हणजे रीतीतून वाट होती. देवीने अंग बदललं, तर आधीच्या अंगाने तिला ओळखायचं. म्हातारा हे जानेवारीत बोलला नाही. मी त्याला नंतर विचारलं तर म्हणाला, तेव्हा तू फक्त फोनचंच विचारलंस. असो.

मला वाटलं, आता तू ते म्हणशील. 'खरं की खोटं हा प्रश्न आम्ही विचारत नाही.' तुझ्या प्रत्येक भाषणात असतं ते, मी यूट्यूबवर ऐकलं आहे. तू विद्याजवळ गेलीस. तिच्या डोळ्यांत पाहिलंस, तिच्या मनगटावर बोटं ठेवलीस, गळ्याची शीर पाहिलीस. ते तुझं कामाचं बघणं होतं, मी ओळखते. मग तुझं बघणं बदललं. तुझी हनुवटी थरथरायला लागली. लहानपणी रडू आवरताना व्हायची तशी. गाव उभं होतं. तू ताटातली हळद घेतलीस, तिच्या कपाळाला लावलीस आणि म्हणालीस, "हओ. बेई हैं."

हरप्रसाद मुलीच्या पायांवर पडला. आजीने चपला खाली ठेवल्या. अकतीचं लग्न तिथेच ठरलं, आणि तू गर्दीतून बाहेर पडून टॅक्सीत बसलीस. मी हाक मारली. तू ऐकलीस, मान वळली होती.

मी तुला विचारणार नाही की तू खरं सांगितलंस की पोरीला सोडवलंस. विचारायला हवं, जीभ वळवळते आहे, पण नाही.

विचारणारी दुसरीच आहे. काल विद्या एकटीच बसने आली. डोळे सुजलेले. मला वाटलं लग्नाची खरेदी. ती इथे माझ्या पलंगावर बसली आणि म्हणाली, "बुआ, हम नाटक करबे गए ते. सोची ती, दीदी नईं बोलीं तो हम बोल दैहैं. पर जब भओ, तब हम ने नईं करो. कै करो? हमें नईं पतो. कुंडी हम ने नईं फोरी. दीदी ने हमाई आँखन में का देखो?"

म्हणजे गेली होती सोंग आणायला, पण झालं ते तिने केलं की आपोआप झालं, हेच तिला कळत नाही. मी आयुष्यात एकदाही घुमले नाही, माझं सगळं आयुष्य शुद्धीत गेलं. पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणखी काय करणार. ती रडत रडत म्हणाली, सगळे पाया पडताहेत आणि मला रात्री डोळे मिटायची भीती वाटते.

तुला त्या वर्षी असंच झालं होतं का गं? परतल्यावर तीन दिवस तू या घरात दिवा चालू ठेवून झोपलीस. मी विचारलं नाही. मला वाटलं, शिकलेली आहे, तिचं ती बघेल.

विद्या तुला लिहिणार आहे. तुझा पत्ता मी दिला आहे. हिंदीत लिहील, शुद्धलेखन बेताचं आहे. तिला शास्त्र सांगू नकोस, आणि देवीही सांगू नकोस. तुला काय झालं होतं ते सांग, जेवढं तुझं तुला कळलं आहे तेवढं. तुला तेव्हा विचारायला कुणी नव्हतं.

मला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. तिला दे.

आत्या